पडदेवाल्या काकांची शांतता

“मुलाखत नकोय हो मला,” काकू दारातच म्हणाल्या. “ती भाचीने मोबाइलवर घालून दिलीय. मला त्यानंतरची शांतता हवीय. ती तुम्ही रेकॉर्ड केली होती ना?”

घ्या! आमच्या छोट्याशा रेडिओवर ध्वनिमुद्रण करता करता माझे केस पांढरे झाले. लोक मुलाखती मागतात, गाणी मागतात, एकाने तर भिंतीवरचं घड्याळ मागितलं होतं. शांतता मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

त्याचं असं आहे, की गप्पा संपल्या तरी मी अर्धा मिनिट कुणाला जागचं हलू देत नाही. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. एसीची घरघर, दिव्याची गुणगुण. तो टिपून ठेवायचा. मग कुणाचा खोकला कापला की तिथे त्याचं ठिगळ लावायचं, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. तेवढ्या वेळात नुसती खुर्ची करकरली तरी मी खेकसते. स्टेशनवर मला ‘गप्पबाई’ म्हणतात ते काही उगाच नाही.

काकूंचे यजमान म्हणजे पडदेवाले काका. उभा जन्म नाट्यगृहाचा पडदा ओढण्यात गेलेला. ते नाट्यगृह पाडून गोदाम बांधायचं घाटत होतं, त्यावर मुलाखत द्यायला गेल्या वर्षी आले होते. दोर, कप्पी, नटांचे रुसवेफुगवे, सगळं रंगवून सांगितलं. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर, एसीच्या अगदी तोंडाशी बसलेल्या. आणि आयुष्यभर विंगेत श्वास रोखून उभा राहिलेला हा माणूस नेमका माझ्या त्या अर्ध्या मिनिटात बोलला! मी अशी ओरडले की विचारू नका.

“आता ते नाहीत,” काकू म्हणाल्या. “मुलाखतीत ते सगळ्या जगाशी बोललेत. घरी तसे घुमेच. माझ्याशी बोललेलं तेवढंच काय ते तुमच्याकडे आहे. आहे ना?”

बिघडलेली शांतता मी त्याच दिवशी पुसून टाकते. दुसरी घ्यायची आणि पहिली पुसायची, हीच माझी रीत. तसं काकूंना सांगूनही टाकलं.

“पुसली असेल तर?” काकूंनी विचारलं.

“तर नाही मिळायची,” मी म्हटलं. खोटी आशा लावणं मला जमत नाही. तरी संगणकात शोधायला बसले.

सापडली! त्या दिवशी डासांवर बोलायला आलेले डॉक्टर दारात ताटकळत होते, म्हणून दुसरी शांतता घ्यायला सवडच झाली नव्हती. हीच पाखडून-निवडून वापरावी लागली होती. देवा, त्या डॉक्टरांचं भलं कर.

काकूंना हेडफोन लावला, एक मीही लावला. आधी नुसती घरघर. मग दबका आवाज, विंगेतून बोलावं तसा: “गारठलीस ना? ये, इकडे माझ्याजवळ बस. इथे वारा नाही लागत.” स्टूल सरकलं. आणि लगेच माझी डरकाळी, “काका, गप्प! एकदम गप्प!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं हो काकू. दोन शब्द बोलू द्यायला हवे होते.”

“छे! बरं झालं ओरडलात,” काकू डोळे पुसत हसल्या. “तुम्ही ओरडलात म्हणून तर ध्यानात राहिलं. नाहीतर असलं साधं बोलणं कोण लक्षात ठेवतं? घरी येईपर्यंत तुमची नक्कल करून हसत होते. फार उपकार झाले बाई तुमचे.”

ओरडल्याबद्दल आजवर माझे कुणी आभार मानले नव्हते. पुढे नुसती खोलीची घरघर होती, म्हणून मी बंद करायला हात पुढे केला, तर काकूंनी मनगट धरलं.

“राहू द्या ना. आत्ता मी त्यांच्याजवळ बसलेय.”

मी हात मागे घेतला. तेवढ्यात निवेदिका काहीतरी विचारत आत डोकावली. मी तोंडावर बोट ठेवलं.