सेमीफायनलला वैष्णवी नव्हती

मोतीराम सर कोच म्हणून आले तेव्हा महिलांच्या कबड्डी लीगमध्ये 'नाशिक वादळ' या टीमची थट्टा व्हायची. आधीच्या हंगामात टीम तळाला होती. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना मॅटवर उभं केलं आणि बजावलं, "दुखतंय हा शब्द इथून पुढे बंद."

कॅप्टन राखी सिन्नरची. डाव्या कोपऱ्यात खेळायची. घोटा हाती लागला की सोडायची नाही. तिला सर पटले. त्यांनी बचावाची साखळी नव्याने बांधली, आणि पिंपळगावच्या वैष्णवीला मुख्य चढाईपटू केलं. टीम जिंकायला लागली. नाशिकच्या द्वारका चौकात मोठं पोस्टर लागलं, त्यात मधोमध वैष्णवी. राष्ट्रीय शिबिरासाठी निवड समितीचं तिच्यावर लक्ष आहे, असंही कानावर आलं.

साखळी फेरीतल्या शेवटच्या सामन्यात तिला तिघींनी मिळून पाडलं. डोकं मॅटवर आपटलं. ती उठली, हसली आणि चालत समोरच्या टीमच्या बाकाकडे निघाली. राखीने दंड धरून तिला वळवलं.

सेमीफायनल पुण्यात होती. आदल्या दिवशी हॉटेलच्या बाथरूममध्ये वैष्णवी ओकत होती.

"कोणाला सांगू नको, ताई," ती म्हणाली. "उद्या समितीवाले येणार हायेत. माझं शिबिर जाईल."

"डोकं दुखतंय?"

"लय नाय."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "उद्या आपली कोणाशी मॅच हाय?" हे ती सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होती.

राखी सरांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चक्कर सगळ्यांनाच येते, राखी. मी फाटलेल्या गुडघ्यावर अख्खी नॅशनल खेळलोय."

"म्हणून आज तुम्ही कठडा धरून जिना उतरता, सर."

सरांचा चेहरा पडला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ती पोरगी चार वर्षं या दिवसासाठी राबतेय. तो मी हिसकावून घेऊ? तू घेशील?"

राखी खोलीवर परतली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सामन्याआधी वॉर्मअप चालू असताना ती लीगच्या डॉक्टरांच्या टेबलाजवळ गेली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वैष्णवीला बोलावलं, एका पायावर उभं केलं. तिचा तोल गेला. त्यांनी तिचं नाव टीममधून काढलं. वैष्णवीने मागे वळून पाहिलं. राखी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिली.

शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. निर्णायक चढाईला बदली मुलगी गेली, बोनस गुणासाठी रेषेपलीकडे पाय टाकला आणि पकडली गेली. त्या हरल्या.

ड्रेसिंग रूममध्ये सर ओरडले नाहीत. "आधी माझ्याशी बोलायला हवं होतंस," एवढंच म्हणाले.

"बोलले होते, सर."

त्यावर त्यांनी बॅग उचलली. नाशिकला परतताना बसमध्ये राखीच्या शेजारची सीट रिकामी राहिली. ती सिन्नरला उतरली तेव्हा कोणी हात केला नाही. पुढच्या हंगामाच्या टीममध्ये तिचं नाव नव्हतं. शिबिराला दुसरीच मुलगी गेली.

महिन्याभराने ती पिंपळगावला गेली. वैष्णवीच्या आईने दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाली, "उजेड सोसवत नाय तिला. डॉक्टर म्हणतात, होईल कमी. कधी, ते काय सांगत नायत."

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. वैष्णवी भिंतीला टेकून बसली होती.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नायच म्हणले असते." तिने डोळे मिटले. "त्या दिवशी खेळले असते तर काय झालं असतं, ते मला कळतंय ताई. तरी राग जात नाय."

राखी उठायला लागली.

"बस," वैष्णवी म्हणाली. "पण बोलू नको. आवाज लागतो डोक्याला."

राखी खाली सतरंजीवर बसली. बाहेर हायवेवरून टेम्पो जात होते, आणि प्रत्येक हॉर्नला वैष्णवीचं कपाळ आक्रसत होतं. राखी उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.