मेलेला तिरंदाज

गेल्या लढाईत मेलेला तिरंदाज या लढाईत पुन्हा धनुष्य घेऊन उभा राहिला, आणि विनायकरावांचं टाळकं सरकलं.

“आल्हाद! हा मेला होता ना रे?”

मुलगा स्वयंपाकघरात टावर चौकातून आणलेली कचोरी ताटलीत काढत होता. “जखमी झाला असेल, बाबा. खेळा ना तुम्ही.”

“जखमी कसला! माझ्यासमोर भोसकला त्याला.”

‘रणपट’ या व्हिडिओ गेमचे पहिले तिन्ही भाग विनायकराव बायकोबरोबर, रजनीबरोबर खेळले होते. चौकटींचा पट, एकेक शिपाई हलवायचा. चाल ती ठरवायची, चुका यांच्या नावावर जायच्या. नियम एकच पक्का: मेला तो मेला. म्हणून तर एक घर पुढं सरकायलाही दोघं तास घालवायचे. चौथा भाग आला तेव्हा रजनी नव्हती.

त्यांनी सेटिंग उघडलं. ‘पडलेले परत येतील’ यावर खूण होती.

“हे कोणी केलं?”

“मीच. नवीन ऑप्शन आहे. हा खरा रणपट आहे की नाही, यावर नेटवर भांडणं चाललीयेत.”

“नाहीये! चित्रं बदला, राजा बदला, चालेल. पण मेलेले परत यायला लागले तर मी डोकं कशाला चालवू? त्यापेक्षा लूडो खेळतो की!”

“मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल.”

“त्रास? आईचा फोटो तुम्ही कपाटात टाकलात. तिचं नाव काढलं की तुझी बायको दूध उतू जातंय म्हणून उठते, गॅसवर दूध असो की नसो. आणि आता इथेपण? पागल समजलास का मला? ती गेली, माहीत आहे मला. तुम्ही सगळे तोंड शिवून बसलात तर मी बोलू कोणाशी?”

आल्हादनं ताटली आणून त्यांच्यासमोर ठेवली.

विनायकरावांनी खूण काढली आणि खेळ पहिल्यापासून लावला. रागारागात तिरंदाजाला एकट्यालाच पुढं दामटलं. तो पहिल्याच लढाईत गेला. आल्हादचा हात लढाई पुन्हा लावायला रिमोटकडे वळला.

“राहू दे. मेला तो.”

आल्हाद शेजारी येऊन बसला. पटाकडे बघत म्हणाला, “तिरंदाजाला एकटं पाठवतं का कोणी, बाबा? आईनं जाम झापलं असतं तुम्हाला.”

“झापलंच असतं,” विनायकराव म्हणाले. “सरक जरा. घोडेस्वार कुठं ठेवू, ते सांग.”