प्रार्थनेच्या यादीतलं नाव

त्या बाईंच्या पत्राला मी अकरा आठवडे उत्तर दिलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस मी. पत्रं येतात माझ्याकडे आणि जातातही माझ्याकडूनच, तेव्हा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही. तरी मी बरेच दिवस ढकलत होतो.

पत्र हद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीतून आलं होतं. लिहिणाऱ्या बाई शिक्षिका. गावात घरं पेटवायला सुरुवात झाली तेव्हा दोन मुली आणि आंधळे सासरे यांना घेऊन त्या चालत निघाल्या. नवरा मागे राहिला. त्याचं पुढे काय झालं ते लिहिलं नव्हतं. मागणी एवढीच, की छावणीच्या कचेरीला राहण्याचा एक पत्ता हवा आणि सोबतच्या फॉर्मवर एखाद्या मंडळीची सही हवी. मूळ कागदच लागतो, फोनवरचं चालत नाही. पत्ता मिळाला नाही तर परवान्याची मुदत संपताच त्यांना जिथून आले तिकडेच परत धाडणार. शेवटी लिहिलं होतं, ‘एका वेळी एकाच मंडळीला विचारता येतं. नाही म्हणायचं असेल तरी कळवा, म्हणजे मी दुसरीकडे विचारीन.’

पंचांच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. आमचे ज्येष्ठ पंच इमारतींचे ठेकेदार आहेत. त्यांनी पत्र मागून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

“प्रार्थनेत ठेवू या,” पत्र परत देत ते म्हणाले.

आमच्याकडे ही पद्धत आहे. आजारी माणूस, अडलेलं लग्न, परीक्षा, गळकं छप्पर, सगळं आधी प्रार्थनेच्या यादीत जातं. यादी मी लिहितो आणि रविवारच्या उपासनेत मीच वाचतो. गोष्ट एकदा यादीत आली की जो तो हलका होऊन घरी जातो. मीही गेलो.

पुढच्या बैठकीत ठेकेदार म्हणाले, “पण खोली कुठे आहे आपल्याकडे?” त्याच्या पुढच्या बैठकीत सगळा वेळ सभागृहाच्या पंख्यांत गेला. त्यानंतरच्या बैठकीला माणसंच पुरेशी आली नाहीत. रविवारी मात्र मी ते नाव न चुकता वाचायचो, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी जरा जास्तच आर्त आवाजात. घरी मी उत्तराचे मसुदे करत होतो. सहा झाले. एकात सहानुभूती उतू जात होती, एक सरकारी वाटत होता, एकातला ‘सध्या’ हा शब्द मला लबाड वाटला.

माझी धाकटी बहीण माझ्याकडेच राहते. जन्मभर परिचारिका होती, त्यामुळे घरातही तिला सगळे सिस्टरच म्हणतात. ती म्हणाली, “दादा, त्या बाईला निबंध नकोय.”

“पंचांनी काही ठरवल्याशिवाय मी काय लिहू?”

“मग पंचांच्या उरावर बस.”

मी कधी कुणाच्या उरावर बसलो आहे? मी नमस्कार करून मागच्या बाकावर बसतो.

मग दुसरं पत्र आलं. ‘तुमच्या पाळकांनी इथल्या पाळकांना कळवलं, की तुम्ही दर रविवारी आमचं नाव घेता. मनापासून आभार. पण कचेरीत प्रार्थना जमा करून घेत नाहीत. तुमचं उत्तर येईपर्यंत मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. परवाना संपायला एकवीस दिवस उरले आहेत.’ पत्रावरची तारीख बघितली. त्यातले चार दिवस टपालातच गेले होते.

पाळकसाहेबांकडे गेलो. ते हळहळले आणि म्हणाले, “रविवारी बोलू.”

रविवारी मी यादी घेऊन उभा राहिलो. दोन आजारी माणसं वाचली, एक ऑपरेशन वाचलं आणि थांबलो. म्हणालो, “छावणीतल्या कुटुंबाचं नाव मी यादीतून काढलं आहे.”

“का हो?” पुढून कुणीतरी मोठ्याने विचारलं.

“आपण त्यांना उत्तर दिलेलं नाही. उत्तर दिलं की पुन्हा घालीन.” कागदाची घडी घातली. पुढचं न वाचताच खाली बसलो.

पाळकसाहेब उठले, त्यांनी डोळे मिटले आणि त्या कुटुंबाचं नाव घेऊन प्रार्थना केली. चांगली लांब. मंडळी आमेन म्हणाली. सवयीने मीही म्हणालो, आणि मग स्वतःचाच असा संताप आला की हातातली गीतांची वही खाली आपटावीशी वाटली. अर्थात आपटली नाही.

बाहेर पायरीवर ठेकेदारांनी मला गाठलं. “चिटणीस, शोभलं का हे? लोकांना वाटलं, आम्हीच बाईला अडवून धरलंय.”

“धरलंच आहे.”

“मग खोली दाखवा ना! तुमच्याकडे एक आहे म्हणतात. पुस्तकांना स्वतंत्र.” ते हसले. आजूबाजूचेही हसले.

मी पायरी उतरून चालू लागलो.  त्यांचं खरंच होतं. पहिलं पत्र वाचलं तेव्हाच ती खोली माझ्या डोळ्यांसमोर आली होती. सहाही मसुद्यांत मी तिला वळसा घातला होता. अकरा आठवडे मी पंचांवर चिडत होतो, कारण तेवढा वेळ त्या दाराकडे बघावं लागत नव्हतं.

घरी येऊन सिस्टरला म्हणालो, “खोली देता येईल. पण पंचांचा ठराव लागेल.”

“कुठे लिहिलंय तसं?”

चष्मा पुसून फॉर्म वाचला. ‘मंडळीच्या पदाधिकाऱ्याची सही व शिक्का.’ ठरावाचं नावही नव्हतं. शिक्का माझ्याच टेबलाच्या खणात होता, कायमचाच.

“आंधळ्या माणसाला जिना कोण चढवणार?” मी विचारलं.

“चाळीस वर्षं मी दवाखान्यात काय माश्या मारत होते?”

“आणि एवढी पुस्तकं?”

“जिन्याखाली. खोलीबाहेर धाडली तर त्यांना कुणी मारणार नाहीये, दादा.”

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, ‘आदरणीय भगिनी, आपलं पत्र वाचून मन...’

“‘हो’ लिही आधी,” ती माझ्या खांद्यावरून म्हणाली.

कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘हो. खोली आहे. पत्ता फॉर्मवर दिला आहे. उशीर माझ्यामुळे झाला.’ फॉर्मवर सही केली, शिक्का मारला. शिक्का किंचित तिरका उमटला.

सोमवारी टपाल कचेरी उघडायच्या आधीच दारात उभा होतो. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट तोललं आणि पत्ता वाचून भुवया उंचावल्या.

“तिथे पोचायला किती दिवस?” मी विचारलं.

“चौदा. कधी वीससुद्धा लागतात.”

मी बोटांवर मोजलं. परवान्याचे चौदाच दिवस उरले होते. “तिकडून आलेलं चार दिवसांत पोचलं होतं.”

“तिकडून निघताना गाड्या रिकाम्या असतात, आजोबा. तिकडे जाणाऱ्यांची तपासणी होते.”

“याहून लवकर काही?”

“नाही. टाकायचं, की नेताय परत?”

“टाका,” मी म्हणालो. माझ्या मानाने बऱ्याच मोठ्याने म्हणालो असणार, कारण रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्याने तारखेचा शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.