तीन बोटं

"नागोराव, सांगा लवकर. तितर की तणमोर?"

रेंजर राघवेंद्र यांनी उकिरड्यातून काढलेली पिसं आणि एक तुटका पाय वर्तमानपत्रावर मांडला होता. नेरडीगोंड्याजवळच्या त्या अंगणात जावई पंकज मान खाली घालून उभा, सात महिन्यांची गरोदर लेक सुवर्णा दाराला टेकलेली. आणि निवाडा द्यायचा कुणी, तर सासऱ्यानं! नागोराव बावीस वर्षं जंगलखात्यात वॉचर होता. पाखरांच्या बाबतीत रेंजरसुद्धा त्याचाच शब्द मानत.

"तितरच हाय, मामाजी," पंकज घाईघाईनं म्हणाला. "ज्वारीत फास्यात सापडलं. तुमाले आखाडीले जेवाले बोलावलं होतं, म्हून... कोंबडा हाय म्हून खोटं सांगतलं तुमाले."

"तितर असेल तर दंडावर भागेल," राघवेंद्र म्हणाले. "तणमोर असेल तर निदान तीन वर्षं तुरुंग. देशात हजारभर तरी उरलेत का ते?"

पिसं दोघांचीही मातकट, ठिपक्याठिपक्यांची. भलेभले फसतात. नागोरावानं पाय उचलला. तितर कोंबडीच्या भावकीतला, त्याला मागे चौथं बोट असतंच. तणमोर माळढोकाच्या कुळातला, त्याला पुढची तीनच.

त्यानं मोजली. तीन. पुन्हा मोजली.

दर पावसाळ्यात एक तरी तणमोर दिसावा म्हणून तो गवताचे माळ पालथे घालायचा. कधी दिसला नव्हता. आणि काल दुपारी त्यानं रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

"बाबा, काऊन बोलून नाई राह्यले?" सुवर्णानं विचारलं.

तितर म्हटलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. त्याला पोरीकडे बघवेना.

"तणमोर," तो म्हणाला. "मादी हाय."

सुवर्णा पंकजच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मामाजी, मले खरंच मालूम नवतं!"

"मालूम नवतं, हे बी मी साहेबाले सांगीन."

राघवेंद्रांनी पंचनाम्यात पंकजचं नाव लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. नागोरावानं पेन घेतलं नाही.

"आणखी एक नाव लिवा, साहेब. माह्यं. जेवलो तं मीच."

राघवेंद्रांनी पंकजला जीपमध्ये मागे बसवलं आणि नागोरावासाठी पुढचं दार उघडलं. नागोराव वळसा घालून मागे गेला.

"थोडं सरका, जावईबापू," तो म्हणाला.