ल्युसीमावशीचं लुगडं

मरोळ गावठाणातल्या बॅप्टिस्टने आपल्या जुन्या घरात संग्रहालय काढलं, तेव्हा एका छपराखाली दोन चुली मांडल्या. एक ट्रस्ट, गावकऱ्यांनी दिलेली लुगडी, हंडे, दळायची जाती सांभाळायला. दुसरी कंपनी, मागच्या अंगणात लग्नाच्या जेवणावळी घालून ट्रस्टचा खर्च भागवायला. ट्रस्टचा अध्यक्ष बॅप्टिस्ट आणि कंपनीचा मालकही बॅप्टिस्टच. "दोन्ही वेगळं ठेव रे," वकिलाने बजावलं होतं. ह्याने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

चौऱ्याऐंशीच्या नाताळाआधी एका बड्या हॉटेलाने कंपनीकडे गावरान मेजवानी मागितली. वाढणाऱ्या पोरी लुगड्यात हव्या होत्या. मालक बॅप्टिस्टने अध्यक्ष बॅप्टिस्टकडे ट्रस्टची लुगडी मागितली, अध्यक्ष लगेच हो म्हणाला. दुसरं विचारायला होतंच कोण?

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातली ल्युसीमावशी नातीला घेऊन दारात हजर. पोरीचं लग्न ठरलेलं. आजीने स्वतःच्या लग्नात नेसलेलं, आणि मग आपल्या हाताने संग्रहालयाला दिलेलं लाल लुगडं तिला बघायचं होतं. कपाट रिकामं.

"धुवायला दिलंय, मावशी," बॅप्टिस्ट बोलून गेला.

"एवढी काळजी घेतोस? देव तुझं भलं करो." मावशी बाकावर टेकली. "मग थांबते मी. त्याची घडी तुला जमायची नाय."

बॅप्टिस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून खरं सांगता आलं असतं. तेवढ्यात कंपनीचा आचारी धोंडू टेंपोतून उतरला आणि बोचकं आत टाकत ओरडला, "साहेब, हॉटेलातनं लुगडी आली! पोरी झकास दिसल्या म्हणे!"

नातीने गाठ सोडली. लाल पदरावर रस्सा वाळला होता.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओल्या बोटाने डाग चोळला. तो निघाला नाही. तिने तशीच घडी घातली.

"आजी, घरी नेऊया ना," नात म्हणाली.

"नाय गं. मी ट्रस्टला दिलंय, ते ट्रस्टचंच. ह्याच्या कंपनीला कधी दिलं?" मावशीने लुगडं कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि चावी कनवटीला खोचली. "तुझ्या कंपनीला काय पायजे असेल, तर माझ्या दारात येऊन माग. मी नाय म्हणेन."

"हो, मावशी," बॅप्टिस्ट म्हणाला. धोंडूसमोर, पोरीसमोर, आपल्याच घरात. माफ कर म्हणायचीही त्याला लाज वाटली.