झानूचं अंगण

मी होडी बोलतेय. अंगात पाणी भरलंय, म्हणून आवाज जरा जड वाटेल.

माझा जन्म लागोसचा, खाडीकाठच्या लाकडाच्या वखारीतला. तिथे जंगलातून ओंडके तरंगत येतात, दिवसभर करवती किंचाळतात आणि भुशाचे डोंगर साचतात. झानू नावाच्या कोळ्याने मला घरी आणलं. घर म्हणजे पाण्यात रोवलेल्या खांबांवरची खोली. वस्तीत सगळ्यांचं तसंच.

झानू मासे धरायचा. त्याची बायको सेनामी ते धुरावर वाळवायची आणि मला वल्हवत बाजारात न्यायची. डोक्यावरच्या लांबलचक पुलावरून गाड्या बेटावरच्या उंच इमारतींकडे धावायच्या. या शहरात आधी कोळी आले, मग गुलाम नेणारी जहाजं, मग तेलाचा पैसा. तो पैसा बेटावर उतरला. आमच्याकडे धूर तेवढा होता, तरी मी सुखात होते.

मग झानूच्या डोक्यात जमिनीचं खूळ शिरलं.

"पोरं अंगणात खेळतील गं!"

"आधी तुझं डोकं भर, मग खाडी भर," सेनामी हसायची. पण भुसा आणायला तीच पुढे.

आमच्यात जमीन मिळत नाही, करावी लागते. भुसा, कचरा, वाळू, सगळं वर्षानुवर्षं मीच वाहिलं. शेवटी घराखाली घट्ट अंगण झालं. सेनामीने मिरच्या लावल्या. मला उन्हात पालथं घातलं आणि माझ्यावर बसून ती मासे साफ करू लागली. मला वाईट वाटलं, पण पोरांचं खिदळणं ऐकू यायचं.

परवा सरकारी माणसं आली. भिंतीवर लाल फुली मारली.

"साहेब, जन्म गेला इथे," झानू म्हणाला.

"पाण्यावर होतास, तेव्हा कुणी विचारलं का? आता ही जमीन झाली. जमिनीला मालक असतो. चंबूगबाळं आवर!"

सेनामी मिरच्या खुडत बसली, हिरव्या, कोवळ्या, सगळ्या.

आज घर पाडलं. दोघांनी मला उलटवलं, जाळं, भांडी, पोरं चढवली आणि पाण्यात लोटलं. मी जीव तोडून प्रयत्न केला हो! पण उन्हाने माझ्या फळ्या तडकल्यात. चहूकडून पाणी शिरलं, पोरं रडायला लागली. झानूने मला परत काठाला ओढलं.

"आता कुठे जायचं?" तो म्हणाला.

"आधी पोरांना खायला घालू," सेनामी म्हणाली. "फोड हिला. चुलीला होईल."

झानू कुऱ्हाड शोधतोय. तुमच्या दारी होडी असेल, तर तिला अधूनमधून भिजवत जा. मला कुणी भिजवलं नाही.