हिरा चढली की गाडी तापते

देवबागच्या तिठ्यावर सकाळीच जत्रेएवढी माणसं गोळा झाली होती. मधोमध प्रितेशची पांढरी सात आसनी प्रवासी गाडी उभी होती. इंजिन चालू, दारं उघडी, बॉनेटवर आडवं आवळून बांधलेलं लाल फडकं आणि त्यात खोचलेली लिंबं-मिरच्या. मागच्या सीटवर हिरा एकटीच बसली होती. सगळी वाडी गाडीकडे नाही, तिच्याकडे बघत होती.

"बा देवा म्हाराजा!" बाबू भगताने मोरपिसांचा कुंचा टपावर आपटला. "ह्या प्रितेशच्या गाडयेक रोज जी काय आग लागता, ती कोणाच्या पायगुणान लागता, ता आज चार माणसांत उघडा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लोक म्हणाले.

हिराची नजर गर्दीत नवऱ्याला शोधत होती. तुकाराम माडाला टेकून खाली मान घालून उभा होता. त्याने मान वर केली नाही, पण 'होय म्हाराजा' म्हणताना त्याचेही ओठ हललेले तिला दिसले.

"काटो चढता!" स्टिअरिंगमागच्या तापमानाच्या काट्याकडे बघत प्रितेश ओरडला. "चढलो... लाल रेघेर इलो!"

बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ निघाली तशी गर्दी हात-दोन हात मागे सरली. एका म्हातारीने तिथल्या तिथे हात जोडले.

"उतर गो खाली!" बाबू गरजला. हिरा उतरली. मग बाबू स्वतः मांडीवर नारळ घेऊन पुढे बसला. "चल रे प्रितेश, शीवेपर्यंत. खंय थांबू नको, मागे बघू नको."

गाडी भरधाव गेली आणि काही वेळाने परत आली. काटा मुकाट खाली, मध्यावर. बाबूने नारळ असा उंचावला की जणू काटा त्यानेच हाताने ओढून आणला होता.

"बघलात? ही चढली, गाडी पेटली. ही उतरली, गाडी निवली. आता आणखी कसलो पुरावो व्हयो? आजपासून वाडीतल्या एका गाडयेन हिका घेवचा नाय!"

"होय म्हाराजा!"

हिराच्या पायाशी बर्फात लावलेल्या बांगड्यांच्या दोन पाट्या होत्या. ओल्या पाट्या एसटीत कोणी घेत नाही. प्रितेशची गाडी नाही म्हणजे कुडाळचा बाजार नाही, आणि बाजार नाही म्हणजे तुकारामाने रात्रभर मारलेली मासळी दारातच सडायची. पण तिला त्याहून वेगळंच काहीतरी कुरतडत होतं. हे सुरू झाल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. चुलीवरचं दूध उतू गेलं की ती दचकायची. शेजारची कोंबडी मेली तेव्हा ती दिवसभर घराबाहेर पडली नाही. खरंच आपल्यात काही असेल का?

एक गोष्ट मात्र तिला पक्की आठवत होती. बाबू दर आठवड्याला तिच्या पाटीतली मोठी सुरमई 'देवाच्या नावान' उचलून न्यायचा. शिमग्यानंतर तिने ती द्यायचं बंद केलं. देवाने तक्रार केली नव्हती. बाबूने केली.

"भगत, परीक्षा चांगली घेतलीत," गर्दीतून आवाज आला. "पण अर्धीच घेतलीत."

तेरेझाबाई! कुडाळहून रेल्वे पकडायची म्हणून त्या पिशवी घेऊन गाडीची वाट बघत होत्या. वाडीतल्या निम्म्या माणसांना त्यांनी विज्ञान शिकवलं होतं, हिरालासुद्धा. हातात खडू नसला तरी त्या नेहमी वर्गात बोलल्यासारख्याच बोलत.

"हिरा बसली तेव्हा गाडी तापली, हे आम्ही पाहिलं. हिरा नसताना उभी गाडी तापते की नाही, ते पाहिलं का कोणी?"

"नाय बघूक, बाई," प्रितेश म्हणाला.

"मग बघूया. हिरा, तू किनाऱ्यावर जा. होड्यांच्या पलीकडे, गाडी दिसणार नाही अशा जागी. आणि प्रितेश, तू गाडी इथेच चालू ठेव."

हिरा गेली. वाळूत बसवेना म्हणून ती उलट्या होडीभोवती फेऱ्या मारत राहिली. गाडी नाही तापली तर? तर आपण खरोखरच... पुढचा विचार तिने मनात येऊ दिला नाही. तेवढ्यात दोन पोरी वाळू उडवत धावत आल्या. "काकी, काकी! तापली! तू नाय तरीपण तापली!"

ती तिठ्यावर पोचली तेव्हा बाबू घाम पुसत होता. "सीटीर हिचो ठसो ऱ्हवलो आसा, तेचा काय?"

"बरं," तेरेझाबाई म्हणाल्या. "मग आता हिरालाच गाडीत बसवूया आणि शीवेपर्यंत जाऊन येऊया. नारळ नको, भगत नको. मी बसते तिच्याबरोबर."

गाडी खाडीच्या कडेने पळू लागली. उघड्या खिडकीतून वारा हिराच्या पदरात शिरत होता. ती पुढे वाकून श्वास रोखून काट्याकडे बघत होती. काटा थरथरला. मग हळूहळू, ओहोटीच्या पाण्यासारखा उतरत गेला.

परत येताच प्रितेशने खिडकीतून डोकं काढलं. "निवली! हिराकाकी आत आसताना निवली!"

"मगे काकीक रोज बसवक व्हया!" एक पोरगी म्हणाली आणि पहिल्यांदाच तिठ्यावर हशा पिकला.

"हसू नंतर," तेरेझाबाई म्हणाल्या. "हिरा, तूच सांग. हिरा बसली, नाही बसली, ते सोड. गाडी तापते केव्हा आणि निवते केव्हा?"

हिरा गडबडली. शाळेत उभं केल्यावर गडबडायची तशीच. "उभी ऱ्हवली काय तापता," ती सावकाश म्हणाली. "पळाली काय निवता. पळताना वारो लागता ना, बाई? भरलेली चाय फुंकल्यार निवता तसो."

"शाब्बास. आणि प्रितेश, गाडी उभी कुठे राहते रोज?"

प्रितेशचं तोंड पडलं. बाकीची माणसं रस्त्यावर उभी असतात, चढतात आणि गाडी निघते. हिराची होडी उशिरा लागते. बांगडे निवडायचे, बर्फात लावायचे, पाट्या चढवायच्या. तेवढा वेळ गाडी तिच्या दारात उभी. शिवाय बॅटरी मेलेली! बंद केली की धक्का मारावा लागतो, म्हणून इंजिन चालूच.

"काकीच्या दारात," तो पुटपुटला.

"म्हणजे दोष हिराच्या पायात नाही, थांबण्यात आहे. आता का, ते बघायला हे फडकं सोडूया."

"हात लावू नकात!" बाबू आडवा आला. "एकवीस दिवस उघडूचा नाय म्हणान सांगलंय. पंख्यात कोणाची बोटां गावली तर माझ्यार नाव नको!"

तेरेझाबाई शांतपणे त्याच्याकडे बघत राहिल्या. "पंखा? इथे पंख्याचं नाव अजून कोणी काढलेलं नाही, बाबू."

आणि मग प्रितेशच्या डोक्यात उजेड पडला. "भगतांनू, तुमी मासळीचो टेंपो चालवीत होतात! तुमका पयल्या दिवसापासून ठावक होता. म्हणान माका शीवेपर्यंत पळवीत होतात!"

बाबूने देव आठवायचा प्रयत्न केला, पण या वेळी 'होय म्हाराजा' म्हणायला कोणीच पुढे आलं नाही.

फडकं सुटलं, बॉनेट उघडलं. तेरेझाबाईंचा पुतण्या नेव्हिल पर्यटकांची टॅक्सी चालवायचा. त्याने आपली गाडी शेजारी आणून चालू ठेवली. थोड्या वेळाने तिच्या रेडिएटरमागचा पंखा घुर्रर्र करत आपोआप फिरू लागला. पोरं टाळ्या पिटू लागली. प्रितेशच्या गाडीचा काटा पुन्हा लाल रेघेकडे निघाला, पण तिचा पंखा मेल्या माशासारखा निपचित पडून होता.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. "इंजिनाची उष्णता पाणी घेऊन येतं आणि ते रेडिएटरच्या या जाळीत वाऱ्याने निवतं. गाडी पळते तेव्हा वारा समोरून फुकट मिळतो. उभी असते तेव्हा तो या पंख्याने द्यायचा. आणि तापल्या रेडिएटरचं झाकण कोणी उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येईल."

नेव्हिलने इंजिन बंद केलं, निवू दिलं आणि पंख्याच्या वायरीचं टोक उपसलं. खाऱ्या हवेने त्यावर हिरवा गंज चढला होता. त्याने तो खरवडला, टोक घट्ट बसवलं, रेडिएटरमध्ये पाणी भरलं. पण गाडी काही चालू होईना.

"धक्को मारा रे!" प्रितेश म्हणाला. मघाशी आरोळ्या ठोकणाऱ्या सगळ्यांनी मुकाट्याने खांदे लावले. गाडी सुरू झाली. बराच वेळ ती जागेवरच धडधडत राहिली. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि पंखा घुर्रर्र करत फिरू लागला. काटा थबकला, मग खाली आला.

"बस गो हिरावयनी, उशीर झालो," कोणीतरी ओशाळून म्हणालं. तुकाराम पाट्या उचलायला वाकला.

"थांब," हिरा म्हणाली. ती गाडीत चढली, मघाच्याच सीटवर बसली. "प्रितेश, गाडी सोडू नको. अशीच उभी ऱ्हवांदे. सगळ्यांनी हय येवन काटो बघूचो. तूपण ये, तुकाराम. माझ्याकडे नको, काट्याकडे बघ."

तुकाराम पुढे आला आणि खिडकीशी वाकला. त्याच्यामागून एकेक माणूस आला. गाडी उभीच होती, हिरा आतच होती, काटा हलला नाही.

"आज प्रितेशची गाडी होती," ती म्हणाली. "फाल्या कोणाचो पोरगो तापान फणफणतलो, कोणाचा जाळा फाटतला. तेवां पुन्हा कोणतरी बाई शोधशात. त्यापेक्षा आधी बॉनेट उघडा. ताप इलो तर डाक्टराक दाखवा. आणि कोण उघडू नको म्हणालो, तर तेका पयलो इचारा, कित्याक नको?"

तुकारामाने मान हलवली. मग त्याने दोन्ही पाट्या गाडीत चढवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याबरोबर बाजाराला जायला आत बसला.